चौथं नाव

ते पाकीट फादर ग्रेगरींनी स्वतःच्या हातानं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. एरवी टपाल मी त्यांच्यासमोर नेऊन ठेवायची. त्या दिवशी त्यांनी फाटकापाशीच पोस्टमनला गाठलं आणि सगळा गठ्ठा काखोटीला मारून आत आले.

"हे तुझं दिसतंय," ते म्हणाले.

"मला कोण लिहिणार, फादर? वीजमंडळाशिवाय माझी कुणाला आठवण येत नाही."

"नाव तर तुझंच आहे. श्रीमती सिसिलिया मकासरे. दुसरी आहे का इथं कुणी या नावाची?"

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, शिक्का मुंबईचा होता. फादर टेबलापाशी जरा घुटमळले, टाइपरायटरवरची नसलेली धूळ त्यांनी बोटानं पुसली आणि मग आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ते दार ते कधी लावत नसत. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, पण माझी अक्कल म्हणजे कायमचं वरातीमागून घोडं.

याला आता पंचवीस वर्षं उलटून गेली. त्या पाकिटाशी संबंध असलेलं शेवटचं माणूस मागच्या वर्षी गेलं. आता मी एकटी उरले, म्हणून सांगते.

फादर ग्रेगरी त्रिभुवन आमच्या कॉलेजचे प्राचार्य होते आणि मी त्यांची स्टेनो. नगर जिल्ह्यातल्या साखरपट्ट्यात, चहूबाजूंनी ऊस आणि मधे चर्चचा मनोरा, अशा जागी एका धर्मसंघाच्या परदेशी फादरांनी ते कॉलेज काढलेलं. व्हरांड्यात होऊन गेलेल्या प्राचार्यांच्या तसबिरी ओळीनं टांगल्या होत्या. पहिले दोघे जर्मन, मग एक स्विस, मग तिघे गोव्या-मंगळूरकडचे. आणि खुर्चीत आता सातवे बसले होते ते त्रिभुवन मास्तरांचे ग्रेगरी. त्यांचे वडील गावकुसाबाहेरच्या वस्त्यांवर हातात घंटी घेऊन, पायी फिरून धर्मशिक्षण द्यायचे. मी क्रूसाची खूण करायला शिकले ती त्या मास्तरांच्याच हाताखाली. ग्रेगरी बेल्जियमला जाऊन डॉक्टरेट घेऊन आले तेव्हा आमच्या वस्तीवर लोकांनी बैलगाडी सजवली होती.

माझे यजमान कारखान्यात अपघातात गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, पदरात मुलगी. सातव्या दिवशी फादर घरी आले. सांत्वनाचे चार शब्दही बोलले नाहीत. "टायपिंग येतं ना? सोमवारी ये," एवढंच म्हणाले. त्या सोमवारपासून मी त्या टेबलाशी बसले ती निवृत्त होईपर्यंत.

सतरा वर्षं ते प्राचार्य होते आणि त्यातली दहा त्यांनी एका ध्यासात घालवली. कॉलेजचं विद्यापीठ करायचं. दिल्लीच्या कचेऱ्यांची पायरी झिजवून, प्रत्येक आक्षेपाला उत्तर देऊन, अखेर तो कागद आला. मी तो वाचून दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. आता पहिला कुलगुरू नेमायचा होता. वस्त्या-वस्त्यांवर लोकांनी नेमूनच टाकला होता. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत भेटेल तो म्हणायचा, "काय सिसिलाबाई, आपला माणूस कुलगुरू होतोय म्हणं."

पण धर्मसंघात अशा खुर्चीसाठी कुणी अर्ज करत नाही आणि मतंही मोजत नाहीत. त्यांचे प्रांतप्रमुख, त्यांना सगळे प्रोव्हिन्शियल म्हणतात, चार माणसं निवडून त्यांना गुपचूप एक पत्रक पाठवतात. हा माणूस कसा आहे ते देवासमोर उभं राहून लिहा, म्हणतात. चौघांना एकमेकांचा पत्ता नसतो. पत्रक आल्याचं कुणाला सांगायचं नाही, उत्तर स्वतःच्या अक्षरात लिहायचं आणि पत्रक जाळून टाकायचं. हे सगळं मी ऐकून होते. पण हे पत्रक फादर, सिस्टर किंवा फार तर एखाद्या जुन्या प्राध्यापकाला जातं. स्टेनोला गेल्याचं ऐकलं नव्हतं.

पाकिटाच्या आत दुसरं पाकीट होतं आणि त्याच्या आत ते पत्रक. विषय: फादर ग्रेगरी त्रिभुवन, कुलगुरूपदासाठी.

जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं.

आठ महिन्यांपूर्वी सुरुवात झाली होती. आधी चष्मा, किल्ल्या विसरणं. ते सगळ्यांचंच होतं. मग एका प्राध्यापकाला त्यांनी रजा दिली आणि तासाभरानं तो वर्गावर का नाही म्हणून शिपायाला शोधायला पाठवलं. मग एकदा पालकांच्या सभेत तेच भाषण, त्याच विनोदासकट, दोनदा केलं. लोक दुसऱ्यांदाही हसले. प्राचार्यांच्या विनोदाला कोण हसत नाही? त्या सभेनंतर ते माझ्या टेबलाशी आले, हलक्या आवाजात म्हणाले, "सिसिला, मी आत्ता काही जास्त बोललो का गं?"

"नाही, फादर. छान झालं."

दुसऱ्या दिवसापासून मी कार्डं सुरू केली. उत्तरपत्रिकांच्या जुन्या पुठ्ठ्यांचे तळहाताएवढे तुकडे कापायचे आणि त्यावर ठळक टाइप करायचं. कोण येणार, त्यांचं नाव, बायकोचं नाव, काय मागणार, मागच्या वेळी आपण काय म्हणालो. सकाळी ती कार्डं मी त्यांच्या पांढऱ्या झग्याच्या खिशात ठेवायची, संध्याकाळी काढून फाडून टाकायची. आम्ही दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. टेबलाखाली कार्ड धरून ते नजर टाकायचे आणि मग असे बोलायचे की समोरचा गार. बाहेर येऊन लोक म्हणायचे, काय स्मरणशक्ती आहे फादरांची, माझ्या धाकट्याचं नावसुद्धा लक्षात.

मला तेव्हा अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू.

रविवारी चर्चमधे मिस्सा झाल्यावर जेवणं उरकली, मुलगी मैत्रिणीकडे गेली आणि मी पत्रक घेऊन बसले. आठ प्रश्न होते. प्रार्थनेत नियमित आहेत का? हाताखालच्या लोकांशी कसे वागतात? रागीट आहेत का? गरिबांशी नातं कसं आहे? ही उत्तरं मी भराभर लिहिली. हात दुखला तरी लिहीत होते, कागद पुरला नाही म्हणून आणखी एक जोडला.

सहावा प्रश्न होता शरीराच्या आणि मनाच्या प्रकृतीचा.

त्या प्रश्नाशी मी उन्हं भिंतीवर चढेपर्यंत बसले. एकदा कच्च्या कागदावर खरं लिहिलंसुद्धा. "त्यांना विसर पडतो आहे आणि तो वाढतो आहे. ते मी झाकते आहे." दोनच वाक्यं. वाचली आणि मला व्हरांड्यातल्या तसबिरी दिसायला लागल्या. ह्या दोन वाक्यांनी दहा वर्षांची हमाली केलेला माणूस बाजूला सरणार आणि विद्यापीठाच्या पहिल्या खुर्चीवर बसणार फादर सलढाणा. ते उपप्राचार्य होते, मंगळूरचे, घड्याळाच्या काट्यावर चालणारे आणि मला 'मिसेस मकासरे' म्हणणारे. वस्तीवरचे लोक म्हणणार, बघा, इथवर आणून आपल्या माणसाला डावललं. आणि त्या दोन वाक्यांखाली सही कुणाची? ज्या बाईला त्यांनी सातव्या दिवशी उभं केलं तिची.

माझी खुर्चीही होती ना. सलढाणा आपला माणूस आणतील ही भीती मनात नव्हती असं मी म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल.

मी तो कच्चा कागद फाडला आणि उत्तराच्या कागदावर लिहिलं, "प्रकृती उत्तम." इथं थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण खोटं लिहिणाऱ्याला नक्षी काढल्याशिवाय राहवत नाही. पुढं लिहिलं, "स्मरणशक्ती तर कुणालाही हेवा वाटावा अशी. रोज अगदी जवळून पाहते म्हणून सांगते."

मग प्रश्नपत्रक चुलीत जाळलं, उत्तर पाकिटात घालून चिकटवलं आणि स्वतः चालत पोस्टात जाऊन पेटीत टाकलं.

सोमवारी सकाळी फादर माझ्या टेबलाशी आले. "काल सुट्टीत काय केलंस?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता.

"काही नाही, फादर. घर आवरलं."

"बरं केलंस," ते म्हणाले. त्या दिवशी ते मोकळे दिसले. मला वाटलं, हवा बदलली म्हणून असेल.

सहा आठवड्यांनी नेमणूक आली. प्रोव्हिन्शियल फादर ऑर्लांडो मिनेझिस स्वतः पत्र घेऊन आले होते. सगळ्या प्राध्यापकांसमोर त्यांनी ते वाचलं. टाळ्या थांबेनात. मी फादर ग्रेगरींकडे पाहत होते. त्यांचा चेहरा पडला होता. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ते हसले, सगळ्यांशी हात मिळवत फिरले. मला वाटलं, आनंदानं माणूस भांबावतो कधी कधी.

पहिल्या पदवीदान समारंभाला अजून पाच महिने होते. त्या पाच महिन्यांत कार्डांची संख्या चारावरून चौदावर गेली. रोज संध्याकाळी घरी जाताना वाटायचं, आजचा दिवस निभावला. एकदा मी धीर करून म्हटलंही, "फादर, पुण्याला एका चांगल्या डॉक्टरांना दाखवू या का?" ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. "समारंभ होऊ दे," म्हणाले.

समारंभाच्या आदल्या दिवशी पेत्रस मामा वारले. चर्चची घंटा चाळीस वर्षं त्यांनी वाजवली होती. फादर सलढाणा म्हणाले, "मातीचा विधी मी करतो, तुम्ही समारंभाचं बघा." पण फादर ग्रेगरी ऐकेनात. लहानपणी पेत्रस मामांनी त्यांना घंटेच्या दोराला लोंबकळू दिलं होतं. सकाळी आठला मूठमाती, अकराला समारंभ, असं ठरलं.

मी दोन कार्डं केली. एकावर मातीच्या वेळची प्रार्थना, कारण सुरुवातीलाच त्यांचं अडायचं. दुसऱ्यावर पदवीदानाचं वाक्य. प्रार्थनेचं डाव्या खिशात, पदवीचं उजव्या. दफनभूमीत सगळं नीट पार पडलं. फादरांचा आवाज खणखणीत होता. त्यांनी माती टाकली, आमच्या रिवाजाप्रमाणे मागोमाग सगळ्यांनी मूठ मूठ टाकली आणि आम्ही धावतपळत कॉलेजात आलो.

मांडव भरला होता. बिशप होते, दिल्लीचे पाहुणे होते. चारशे मुलं काळ्या गाऊनमधे आणि मागं त्यांचे आईबाप. वस्त्यांवरून ट्रॅक्टर भरभरून लोक आले होते. फादरांना मी लाल गाऊन चढवला. तो गाऊन पुण्याहून शिवून आला होता आणि आत हात घालायला त्याला एकाच बाजूला फट होती. डाव्या. हे मला कळलं ते फादर माइकसमोर उभे राहिल्यावर. त्यांचा उजवा हात कापडावरून दोनदा फिरला, मग डावा हात आत गेला. सकाळचं कार्ड मी काढून घेतलं नव्हतं. वर्षभर त्यांच्या विसरण्यावर मी पहारा दिला आणि ऐन वेळी विसरले मी.

मी व्यासपीठाच्या पायरीशी होते. चार पावलांवर. पाय उचलले नाहीत.

"स्नातकांनी उभं राहावं," सलढाणा म्हणाले. चारशे मुलं उभी राहिली.

फादर ग्रेगरींनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि त्याच खणखणीत आवाजात वाचायला लागले. "दयाळू पित्या, तुझ्या हाकेला ओ देऊन निघालेल्या या लेकरांना आम्ही मातीच्या स्वाधीन करतो. मातीतून ही आली, मातीला परत जातील."

कार्डावर मी 'लेकराला' टाइप केलं होतं. समोर पुष्कळ जण दिसले म्हणून त्यांनी 'लेकरांना' केलं. एवढं भान त्यांना होतं.

आधी कुणाला समजलंच नाही. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मग एक बाई रडायला लागली, "माझ्या पोरीला काय बोलतायत हे," म्हणत. फादरांनी प्रार्थना शेवटपर्यंत वाचली. हवेत क्रूस काढला. मग ते टेबलावर काहीतरी शोधायला लागले. फुलदाणी सरकवली, पदव्यांचा गठ्ठा उचलून पाहिला. माइक चालूच होता.

"माती कुठं ठेवलीस, सिसिला?" त्यांनी विचारलं.

सलढाणा उठले. त्यांनी माइक आपल्याकडे वळवला, कागद न बघता पदवीचं वाक्य म्हटलं आणि मुलांना बसवलं. मग ते फादरांच्या खांद्यावर हात टाकून, त्यांच्या कानाशी हळू काही बोलत, त्यांना मागच्या दारानं घेऊन गेले. इतक्या मायेनं की त्या माणसाबद्दल मी जे जे मनात आणलं होतं त्याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत चहा देताना शिपायानं ऐकलं आणि मला येऊन सांगितलं. कुणीतरी म्हणालं होतं, "यांच्यातला बसवला की असंच व्हायचं." मी ज्या वस्तीची मान उंच करायला निघाले होते त्या वस्तीची मान अशी खाली घातली.

चौथ्या दिवशी प्रोव्हिन्शियल आले. मला एकटीला बोलावलं. त्यांचं मराठी जपून चालायचं.

"मिसेस मकासरे, बाकीच्या तिघांनी लिहिलं होतं की फादर थोडे थकलेले वाटतात. मी म्हटलं, जी बाई रोज समोर बसते तिला जास्त कळणार." ते थांबले. "तुम्हाला खरोखर काही दिसलं नव्हतं?"

मी फरशीकडे बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "ते कागद गुपित असतात. माझ्यापाशीच राहतील."

फादर ग्रेगरींना त्याच आठवड्यात म्हाताऱ्या फादरांच्या घरी, संगमनेरच्या बाजूला पाठवलं. आज्ञा आली की निघायचं, हा त्यांचा नियम. एक पेटी आणि वडिलांची घंटी घेऊन ते गेले. व्हरांड्यात त्यांची तसबीर लागली, प्राचार्यांच्या ओळीत. कुलगुरूंची ओळ सलढाणांपासून सुरू करायची असं कुणीतरी ठरवलं. सलढाणांनी मला काढलं नाही. उलट मला स्टेनोची कार्यालयीन सहायक केलं.

मी महिन्यातून एकदा फादरांना भेटायला जायची. कधी ओळखायचे, कधी मला आपली थोरली बहीण समजायचे. दोन वर्षांनी, एका सकाळी, ते व्हरांड्यात उन्हाला बसले होते आणि मला बघताच म्हणाले, "ये सिसिला. आज डोकं जागेवर आहे, बसून घे पटकन."

मी खाली पायरीवर बसले. येताना फादर ऑर्लांडो मिनेझिसांची गाडी फाटकातून बाहेर पडताना मी पाहिली होती.

"प्रोव्हिन्शियल येऊन गेले वाटतं," मी म्हटलं.

"येतो दर महिन्याला. मी भिंतीकडं तोंड करून बसतो. तो तासभर बसतो आणि जातो."

"असं का करता, फादर? त्यांनी काय वाकडं केलं तुमचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते जुने डोळे होते, प्राचार्यांचे.

"तुला पाकीट आलं होतं आठवतं? मी आणून ठेवलेलं?"

"हो," मी म्हटलं.

"तुझं नाव मी दिलं होतं."

मी पायरीवरून वर त्यांच्याकडे पाहिलं.

"ऑर्लांडो मला म्हणाला, तब्येत कशी आहे? मी म्हटलं, ठणठणीत. धडधडीत खोटं बोललो बघ. कारण मला ती खुर्ची पाहिजे होती, सिसिला. बाप माझा वस्त्या तुडवत मेला. मला पाहिजेच होती. आपणहून नको म्हणायला जीभच वळेना. आणि आत कळत होतं की माझ्यानं आता होत नाही. तुझी कार्डं काय मला दिसत नव्हती?" ते हसले. "मग त्याला म्हटलं, तू तिघांना विचारणार ते विचार, चौथं नाव मी देतो. माझ्या ऑफिसातल्या बाईला विचार. ती देवासमोर खोटं लिहायची नाही. म्हटलं, जे माझ्यानं होत नाही ते ती करील. मी सुटेन."

उन्हात एक कोंबडी माती उकरत होती. मी तिच्याकडे बघत होते.

"पत्र टाकून तू आलीस त्या सोमवारी तुझ्या तोंडाकडं बघूनच मी ओळखलं," ते म्हणाले. "जड गेलं असेल तुला. पण लिहिलंस. आणि तरी त्या शहाण्यानं मला नेमलं. सगळं समजून उमजून मला त्या मांडवात उभं केलं. ते मी त्याला माफ करणार नाही. फादर असलो तरी नाही." त्यांनी वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू खरंच लिहिलं होतंस ना?"

सांगायची ती वेळ होती. डोकं जागेवर असलेली ती त्यांची बहुधा शेवटची सकाळ होती आणि मला ते ठाऊक होतं. माझ्या एका शब्दानं एक निरपराध माणूस सुटला असता. पण मग डोक्यावरचा तो हात निघाला असता.

"हो, फादर," मी म्हणाले.

त्यानंतर ते मला बहीणच समजत राहिले. पुढच्या पावसाळ्याअखेर वारले. त्यांच्या इच्छेनुसार आमच्याच दफनभूमीत, पेत्रस मामांच्या शेजारी जागा केली. वस्त्यांवरून माणसं पायी आली होती. प्रोव्हिन्शियलनीच विधी केला. सगळा चेहरा ओला झाला होता त्यांचा, पण आवाज हलू दिला नाही. प्रार्थना संपल्यावर त्यांनी पहिली मूठ टाकली, मग मातीचं घमेलं स्वतः उचललं आणि भाऊबंदांच्याही आधी माझ्यासमोर आणून धरलं.

"तुम्ही आधी," ते म्हणाले. मग, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, "तीन वर्षं ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी काय केलं ते मला अजून समजत नाही. तुम्हाला कधी काही बोलले का?"

मी घमेल्यात हात घातला. माती ओली होती, बोटांना चिकटली.

"नाही, फादर," मी म्हणाले, मूठ कबरीवर उघडली आणि बाजूला झाले, कारण मागं पुष्कळ माणसं थांबली होती.